भिंगरीची सीट आणि मास्तरांची मान

मास्तरांची जागा शेजारची. समोर स्टिअरिंग नाही. पायाशी मात्र एक जादा ब्रेक. गाडी चालवायला शिकवणाऱ्या माणसाची हीच खुर्ची आणि हेच सिंहासन. अर्धं आयुष्य मास्तरांनी त्या ब्रेकवर पाय ठेवून काढलं.

दातांचा डॉक्टर त्यांच्याकडे शिकला. फुलवाली शिकली. शाळेच्या मुख्याध्यापिका दोनदा नापास होऊन मग सुटल्या. मास्तरांच्या गाडीत सगळ्यांना अरे-तुरे. "ए, क्लच म्हणजे काय अंडं आहे का? दाब की नीट!" आणि तीच मुख्याध्यापिका दार उघडून खाली उतरली की, "बाई, उद्या जरा लवकर याल का?" यात मास्तरांना काही वावगं वाटत नसे. बाईंनाही वाटत नसे. जीव मुठीत धरून बसलेल्या माणसाला मानापानाची शुद्ध कुठली?

शिकवण एकच. डोळे पुढे. मागच्यासाठी आरसा आहे.

या धंद्याने मास्तरांना दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे उजव्या पायाची खोड. घरी टीव्हीच्या पडद्यावर एखादी गाडी वेगात आली की त्यांचा पाय आपोआप सतरंजीत रुतायचा. "अहो, थांबली ती गाडी," त्यांची बायको, म्हणजे घरातली आजी, म्हणायची. "आता सतरंजी सोडा."

दुसरी गोष्ट म्हणजे मान. शिकाऊ माणसाचा पाय ब्रेकवर हातोड्यासारखा पडतो. आपण दाबणार आहोत हे त्याला माहीत असतं, शेजारच्याला नसतं. शेजारच्याची मान कोंबडीसारखी पुढे जाते आणि मागे येते. अशा असंख्य कोंबड्या झाल्यावर मास्तरांच्या गळ्यात डॉक्टरांनी पांढरा पट्टा अडकवला. दुखणं वाढलं की पट्टा. पट्टा असला की मास्तर मान वळवत नसत, अख्खे वळत. त्यांना मागून हाक मारायची नाही, असा घरात नियमच होता. आणि हा नियम मोडायचा हक्क एकीलाच होता. नातीला.

नातीचं नाव काहीतरी छान, लांबलचक होतं. पण घरात ती भिंगरी. दोन वर्षं उलटून गेली होती. एका जागी टिकायची नाही. मास्तर तिला दुधावरच्या सायीसारखे जपायचे, आणि ती त्यांचा पट्टा ओढून बघायची.

भिंगरीची आई, म्हणजे मास्तरांची लेक, चष्म्याच्या दुकानात कामाला. लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरायची आणि विचारायची, आता स्पष्ट दिसतंय की मघाशी दिसत होतं? घरीही तिचा आवाज तोच. शांत. समोरच्याने खोटं बोलायची सोय नाही. जावई बाहेरगावी नोकरीला, आठवड्याच्या शेवटी यायचा. त्यामुळे रोज सकाळी भिंगरीला पाळणाघरात सोडायचं काम मास्तरांकडे आलं. शिकवायच्या गाडीतून नाही, घरच्या जुन्या गाडीतून. स्वतः स्टिअरिंगवर बसून.

ते काम नव्हतं. तो त्यांच्या दिवसातला सण होता. आजी म्हणायची, "बघा, पाळणाघराला निघालेत की स्वतःच्या लग्नाला." कारण मास्तर त्यासाठी दाढी करायचे.

फक्त एक काटा होता. भिंगरीची सीट, गाडीत लहान मुलांसाठी वेगळी बांधतात ती.

ती सीट मागे तोंड करून बसवलेली. म्हणजे गाडी पुढे, भिंगरी मागे. तिची पाठ मास्तरांच्या दिशेला. पहिल्या वर्षी मास्तर काही बोलले नाहीत, तान्ही होती. दुसरा वाढदिवस झाला तसा त्यांनी विषय काढला.

"आता वळवू या ना सीट? मोठी झाली की."

"नाही बाबा. चार वर्षांपर्यंत अशीच."

"चार! पाय बघ तिचे. दुमडून बसते बिचारी. बेडूक झालाय नुसता."

"बेडकाला काही होतं का? ती घरातही तशीच बसते. पाय दुमडले तर चालतात. मान मोडली तर चालत नाही."

"माझ्या हातात स्टिअरिंग असताना?"

"तुमच्या हातात तुमचं स्टिअरिंग आहे. समोरच्याचं आहे का?"

हे वाक्य मास्तरांनीच तिला शिकवलं होतं. ती अठरा वर्षांची असताना, शेजारी बसून. आपलंच नाणं असं आपल्या कपाळावर आपटेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

तिने समजावूनही सांगितलं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड. मानेची हाडं अजून कच्ची. गाडी आदळली की अंगाला पट्टा धरून ठेवतो, डोक्याला कोण धरणार? तोंड मागे असलं तर पाठ, मान, डोकं, सगळं सीटच्या पाठीत दाबलं जातं. एकट्या मानेवर भार येत नाही. सीटवर लिहिलेल्या उंची आणि वजनापर्यंत तशीच ठेवायची. मुलांच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलंय.

मास्तरांनी ऐकलं. पालथ्या घड्यावर पाणी. एक तर त्यांना नातीचा चेहरा दिसत नव्हता. "मग आरसा लाव मागे एक," ते म्हणाले. लेक म्हणाली, "आरसा लावला तर तुम्ही आरशातच बघत बसाल. मी तुम्हाला ओळखते." आणि दुसरं म्हणजे लाज. ज्या माणसाने सगळ्यांना पुढे बघायला शिकवलं, त्याची नात मागे बघत जाते! सिग्नलला शेजारी बेकरीवाला यायचा. तो मास्तरांचा सध्याचा विद्यार्थी. पाव पोचवायची व्हॅन स्वतः चालवता यावी म्हणून पन्नाशीत शिकायला लागलेला. तोवर व्हॅन त्याचा पुतण्या चालवायचा आणि हा बाजूला बसून काच खाली करून ओरडायचा, "मास्तर! नातीला डायरेक्ट रिव्हर्सपासून शिकवताय का?"

त्यात भिंगरीने सीटमध्ये बसताना कमान करायला सुरुवात केली. पाठ ताठ, पोट वर, आणि गल्ली गोळा होईल असा आवाज. मास्तरांनी अर्थ लावला, तिला पुढे बघायचंय. त्या वयात मुलं खुर्चीत बसतानाही कमान करतात, अंघोळीलाही करतात, हे त्यांना आजीने सांगितलं. पण माणसाला हवा तो अर्थ सापडला की तो दुसरा शोधत नाही.

एका सकाळी कोपऱ्यावर वळून, लेकीची खिडकी दिसेनाशी झाल्यावर, मास्तरांनी गाडी बाजूला घेतली. भिंगरीला फुटपाथवर उभं केलं. एका हाताने तिचं बखोट धरून दुसऱ्या हाताने सीटचा पट्टा सोडवला. सीट वळवली, पट्टा ओवला, भिंगरीला बसवलं.

"बघ आता. दिसतंय का?"

भिंगरीने समोर पाहिलं. काच, रस्ता, आजोबांचं टक्कल. "आजो!" ती किंचाळली. आरशात तिचा चेहरा. दोन दात पुढे, नाकाला शेंबूड, डोळे भरून आनंद. मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं.

तो आनंद पोस्टाच्या चौकापर्यंत टिकला.

चौकात एक चेंडू आला. चेंडूमागे कोणी नव्हतं, नुसता चेंडू. पण चेंडूमागून मूल येतं, हे मास्तरांनी जन्मभर शिकवलेलं. पाय आपोआप दाबला गेला. गाडी जागच्या जागी थांबली. वेग फारसा नव्हता. कुणाला काही लागलं नाही.

मास्तरांच्या मानेत मात्र कळ आली. जुनी, ओळखीची. आणि त्याच क्षणी त्यांची नजर आरशात गेली. भिंगरीचं डोकं पुढे गेलं होतं. हनुवटी छातीला टेकली होती, केस तोंडावर. मग डोकं वर आलं. ती रडली नाही. तिचा खालचा ओठ आधी थरथरला. तिने हात नेऊन स्वतःची मान धरली. अगदी मास्तर धरतात तशी, चार बोटं मागे, अंगठा कानाखाली.

मास्तर दार उघडून मागे गेले. तिची मान चाचपली. भिंगरीला गुदगुल्या झाल्या. ती हसली. "पुन्ना," ती म्हणाली.

तिला काही झालं नव्हतं. मास्तरांना झालं होतं. त्यांनी तिथेच, मागच्या गाड्यांचे हॉर्न खात, सीट पुन्हा मागे वळवली. पट्टा कुठून कसा गेला, त्यांना कळलं नाही. पाळणाघरापर्यंत उरलेला रस्ता त्यांनी अशी गाडी चालवली की त्यांना ओलांडून एक सायकल गेली.

घरी कुणाला काही सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. ठरवताना ते भिंगरीला विसरले.

संध्याकाळी लेक दुकानातून परस्पर बसने तिला घ्यायला गेली. घरी आल्यावर भिंगरी जेवताना म्हणाली, "लाल. पिवळा. हिरवा."

"काय गं, रंग शिकलात का आज?"

"आजोच्या काचेत. पुढे." आणि तिने हाताने दाखवलं. समोर. मग चमचा खाली आपटून मान छातीला टेकवली. "असं झालं. धप्प!"

आजीने पोळीवरून मान वर केली. मास्तर पोळीत बघत राहिले. लेक उठली, चावी घेतली, खाली गेली. मास्तर पाठोपाठ गेले. तिने गाडीचं मागचं दार उघडलं आणि सीटला एका हाताने हलवलं. सीट सैल दातासारखी डुगडुगली. पट्टा पिळलेला होता आणि नको त्या फटीतून गेला होता.

"बाबा."

"काही झालं नाही गं तिला."

"मला माहीत आहे काही झालं नाही. म्हणून तर मी शांत आहे." ती पट्टा सोडवत होती. "मला डोळ्यांमधलं कळतं. मानेतलं या घरात तुमच्याइतकं कुणाला कळतं? निदान तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. पट्टा तर त्यांच्या गळ्यातच होता.

"उद्यापासून मी सोडेन तिला," लेक म्हणाली.

"तुझं दुकान?"

"बघीन काहीतरी."

वरती आजीने निकाल दिला. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." आणि वर आणखी एक पोळी वाढली, कारण तिलाही वाईट वाटत होतं.

दुसऱ्या सकाळी मास्तरांनी सवयीने दाढी केली. मग आरशासमोर उभे राहिले. जायचं कुठे होतं? खालून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. भिंगरी नेहमीप्रमाणे ओरडत होती. "आजो! आजो!" खिडकीत उभं राहून त्यांनी हात हलवला. पट्टा असल्यामुळे खाली वाकून बघता आलं नाही.

तीन-चार दिवस असे गेले. लेक धावतपळत दुकानात पोचायची. मालकाच्या कपाळावर आठ्या. तरी ती हू की चू करेना. मास्तरांनी एकदा म्हणून पाहिलं, "चुकलं माझं." लेक म्हणाली, "हो." एवढंच. मास्तर विद्यार्थ्यांना सांगत, चुकलं म्हणून चालत नाही, काय चुकलं ते सांग. लेकीनेही बहुधा तेच लक्षात ठेवलं होतं.

त्या आठवड्यात बेकरीवाल्याची शिकवणी होती. जुन्या गोदामामागचं मोकळं मैदान. बेकरीवाला आज स्वतःची व्हॅन घेऊन आला होता, पुतण्याने तिथपर्यंत आणून दिलेली. मागे ट्रेमध्ये कालचे उरलेले पाव.

"आज ब्रेक," मास्तर म्हणाले. "जोरात दाबायचा."

"तुम्हीच तर म्हणता हळू दाब."

"आज जोरात. चालताना माणूस ज्या वेगाने जातो, तेवढ्याच वेगात घे. आणि मी सांगितलं की दाब." असं म्हणून मास्तर शेजारच्या जागेवर बसलेच नाहीत. ते व्हॅनच्या मागच्या दारातून आत शिरले.

"मास्तर, तिथे कुठे? तिथे पाव आहेत!"

"राहू देत."

पुढच्या सीटच्या मागे एक पत्र्याची भिंत होती, वरच्या अर्ध्या भागात जाळी. मास्तर जमिनीवर बसले. पाठ भिंतीला, डोकं भिंतीला, तोंड मागच्या दाराकडे. पाय दुमडून घेतले. बेडूक. त्यांनी गळ्यातला पट्टा काढून खिशात घातला.

"मास्तर, तुमची तब्येत बरी आहे ना?" जाळीतून बेकरीवाला म्हणाला. "वहिनींना फोन करू?"

"ए, गाडी चालव!"

गाडी सुरू झाली. मास्तरांना उघड्या मागच्या दारातून मैदान लांब जाताना दिसू लागलं. पुढे काय येतंय ते काहीच कळेना. आयुष्यात पहिल्यांदा ते न बघता जात होते. ब्रेक कधी बसेल, कुठे बसेल, काही पत्ता नाही. पाय आपोआप जमिनीत रुतला.

"दाब!"

बेकरीवाल्याने हातोडा घातला. ट्रे सरकले. कालचे पाव उडाले आणि एकामागून एक मास्तरांच्या छातीवर, पोटावर, मांडीवर येऊन आदळले. एक नाकावर बसला. मास्तरांची पाठ पत्र्यात दाबली गेली. डोकंही दाबलं गेलं. सगळं एकदम, एकसारखं.

मान? मान जागच्या जागी होती. त्यांनी वाट पाहिली. कळ येईना.

"मास्तर! जिवंत आहात ना?"

मास्तर पावांच्या ढिगात बसले होते. ते हसत होते. जाळीपलीकडे बेकरीवाला घाबरून वळला तर त्याला दिसलं, मास्तर मान डावीकडे वळवतायत, उजवीकडे वळवतायत. माणसाला नवा दागिना मिळाल्यावर तो करतो तसं.

"आणखी एकदा," मास्तर म्हणाले.

"पाव गोळा करू का आधी?"

"नको. येऊ देत."

दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा मास्तरांनी बेकरीवाल्याला मागे बसवलं आणि स्वतः चालवलं. बेकरीवाल्याने नाकावरचा पाव काढला, थोडा विचार केला, आणि म्हणाला, "मास्तर, ते मी रिव्हर्सचं म्हणायचो ना, ते तोंडातल्या तोंडात ठेवतो यापुढे."

संध्याकाळी मास्तर लेकीसमोर उभे राहिले. सदऱ्यावर पावाचा चुरा.

"काय चुकलं ते सांगतो," ते म्हणाले. "मला वाटायचं, मागे तोंड करून बसवणं म्हणजे पोरीला कोपऱ्यात उभं करणं. शिक्षा. मी आज बसून बघितलं. शिक्षा वाटते, खरं आहे. चार मिनिटं वाटते. मग ब्रेक बसतो आणि कुणीतरी मागून दोन्ही हातांनी धरल्यासारखं वाटतं. माझी इतकी वर्षं गेली आणि मला कुणी असं धरलं नाही."

लेकीने त्यांच्या सदऱ्यावरचा चुरा झटकला. "हे काय आहे?"

"पाव."

तिने पुढे विचारलं नाही. "उद्या सकाळी खाली या," ती म्हणाली. "परीक्षा."

परीक्षा सोपी नव्हती. लेकीने सीट गाडीतून काढून फुटपाथवर ठेवली आणि हाताची घडी घातली. आजी खिडकीत. भिंगरी आजीच्या कडेवर, खाली यायला उतावीळ.

"बसव."

मास्तरांनी वर पाहिलं. लेकीने जन्मात त्यांना अरे-तुरे केलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही.

"ए, बघतोस काय? बसव की!"

खिडकीत आजीने पदर तोंडाला लावला. मास्तरांना आधी धक्का बसला, मग हसू आलं, मग ते मुकाट कामाला लागले. सीट आत. तोंड मागे. पट्टा मागे तोंडवाल्या खोबणीतून. लेकीने सीट धरून हलवली. डुगडुगली.

"नापास. गुडघा टेकव सीटवर, मग ओढ पट्टा."

दुसऱ्यांदा पट्टा पिळलेला निघाला. तिसऱ्यांदा सीट तसूभर हलली नाही. मग भिंगरीला आणलं. तिने कमान केली. मास्तरांनी तिच्या बेंबीजवळ एक फुंकर घातली, कमान मोडली, बकल टक्कन बसलं. खांद्याचे पट्टे खांद्याच्या किंचित खालून आले आहेत ना, ते त्यांनी बोट लावून पाहिलं. गळ्याजवळचा पट्टा चिमटीत धरायला गेले. चिमटीत येईना, हवा तसा. घट्ट.

लेक मागे भिंगरीशेजारी बसली. "चला," ती म्हणाली. पुन्हा अहो-जाहो सुरू झालं होतं, पण पास म्हटलं नव्हतं.

गाडी कोपऱ्यावर वळली तशी भिंगरीने सूर लावला. "पुढे! पुढे!"

मास्तरांना तिचा चेहरा दिसत नव्हता. सीटची पाठ तेवढी दिसत होती. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. कडेला एक कुत्रं खाटकाच्या दुकानासमोर आशेने बसलं होतं.

"भिंगरे," ते म्हणाले, "आता तुला एक पांढरं कुत्रं दिसणार."

रडणं थांबलं. कुत्रं मागे पडलं. मागच्या काचेत आलं.

"भूभू!" भिंगरी ओरडली.

"आता एक माणूस शिडीवर."

"माणूश!"

"आता लाल ट्रक. मोठ्ठा."

ट्रक धडधडत बाजूने गेला आणि मागच्या काचेत प्रकटला. भिंगरी अवाक् झाली. तिच्या दृष्टीने आजोबा बोलायचे आणि जग तयार व्हायचं. "आजो, हत्ती!" तिने फर्मावलं.

"हत्ती आज सुटीवर आहे," मास्तर म्हणाले.

मागे लेक हसली. बऱ्याच दिवसांनी. मास्तरांनी आरशात पाहिलं नाही. डोळे रस्त्यावर ठेवले, आणि पुढे काय काय येतंय ते सांगत राहिले. हातगाडी. झाडू मारणारी बाई. दातांचा डॉक्टर, स्वतःच्या गाडीत, चुकीच्या गिअरमध्ये.

चष्म्याचं दुकान पाळणाघराच्या अलीकडे लागतं. ते जवळ आलं तसं लेकीने मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, इथे थांबा."

"पाळणाघर पुढे आहे."

"माहीत आहे. मी उतरते. दुकान उघडायची वेळ झाली." तिने भिंगरीचा पट्टा एकदा चिमटीत धरून पाहिला, दार उघडलं, उतरली आणि दार लावलं. खिडकीतून वाकून म्हणाली, "संध्याकाळी मी आणीन. सकाळी तुम्ही."

मास्तरांनी मान हलवली.

गाडी सुरू केली. आरशात पाहिलं, सिग्नल दिला, रस्त्याला लागले.

"भिंगरे," ते म्हणाले, "आता तुला आई दिसणार."

मागच्या काचेत, फुटपाथवर, लेक उभी होती. एक हात वर. भिंगरी दोन्ही हात हलवत होती आणि आई लहान लहान होत दिसेनाशी होईपर्यंत तिला बघत होती.